आगाशे सर आणि दुहेरी तार

आगाशे सर देवळात आले की घंटा वाजवण्यापूर्वी मान वर करून तिची कडी पाहत. कडी झिजली आहे, ही त्यांची जुनी तक्रार होती. मग एक पाऊल बाजूला सरून, हात लांब करून ते लोलक हलवत आणि त्यानंतर हात जोडत. मारुतीच्या दारातसुद्धा शंका घ्यावी का, असे मी एकदा विचारले. ते शांतपणे म्हणाले, "मारुतीविषयी शंका नाही, शास्त्रीबुवा. ज्यानं कडी बसवली त्याच्याविषयी आहे."

भिवंडीतील ज्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे, तिथेच ते पदार्थविज्ञान शिकवत. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. मी प्रातःसंध्या करून घराबाहेर पडणारा, पूर्वसूरींनी सांगितले ते नम्रपणे ग्रहण करावे या संस्कारात वाढलेला. ते मात्र कोणाचेही काहीही पडताळल्यावाचून न घेणारे. तरी आमचे जमले. याचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले. मी ज्या निष्ठेने जप करीत असे, त्याच निष्ठेने ते संशय घेत. त्यात आळस नव्हता आणि कुत्सितपणाही नव्हता.

"कशावरून?" हा त्यांचा शब्द. मुले त्यांना पाठीमागे याच नावाने ओळखत. तास संपल्याची घंटा झाली असे कोणी सांगितले तरी ते विचारीत, "कशावरून? शिपाई घंटा पुसतही असेल." एकदा आजोबा वारले म्हणून सुटी मागायला आलेल्या मुलालाही सवयीने त्यांच्या तोंडून तो शब्द निघून गेला. वर्ग हसला, मुलगा रडू लागला. सरांनी खडू खाली ठेवला, मुख्याध्यापकांना सांगून त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि स्मशानापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जीभ माझ्या आधी बोलते. तिच्यावरही लक्ष ठेवायला हवं."

त्यांच्या घरात ताप मोजण्याच्या तीन नळ्या होत्या. पहिल्या दोहोंत किंचित तफावत आढळली म्हणून त्यांनी तिसरी आणली, आणि ती त्या दोघींशीही जुळेना. मुलगा मिलिंद लहान असताना तापाने फणफणला होता. मी समाचाराला गेलो, तेव्हा सर खिडकीच्या उजेडात तिन्ही नळ्या धरून उभे होते. सुमतीवहिनी आल्या, त्यांनी मुलाच्या कपाळावर तळहात ठेवला आणि ओल्या पट्टीसाठी पाणी आणायला निघून गेल्या. सर त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "हिचा हात बरोबर असतो. पण का बरोबर असतो, हे तिला सांगता येत नाही." हे त्यांना खरोखर खुपत होते.

ऐंशीच्या दशकातली एक गोष्ट सांगतो. चातुर्मासात देवळात माझे प्रवचन होत असे. विश्वस्तांनी नवा कर्णा आणला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक शब्द स्पष्ट पोचेल असे विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले. सरांना तो छातीवरचा हातच आवडला नाही. त्यांनी मागच्या ओळीत चौघांना कागद देऊन बसवले. मध्येच ते हात वर करत, की त्या चौघांनी माझे शेवटचे वाक्य लिहायचे. प्रवचन संपल्यावर कागद तपासले. तिघांचे थोडेफार बरोबर होते. गोदूताई नावाच्या वृद्ध श्रोत्रींनी मात्र सुवाच्य अक्षरांत जे वाक्य लिहिले होते, ते मी त्या वेळी उच्चारलेलेच नव्हते. पुढे बऱ्याच वेळाने उच्चारले. दर वर्षी त्या ऐकत आल्या होत्या, त्यांना सगळा क्रम पाठ होता.

सर देवळाच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. "कर्ण्याची परीक्षा घ्यायला गेलो आणि माणसाची झाली," ते म्हणाले. "शास्त्रीबुवा, माणूस निम्मं कानानं ऐकतो, निम्मं अपेक्षेनं." पुढच्या वर्षी मी दृष्टांतांचा क्रम बदलला.

अशा माणसाच्या पोटी मिलिंद जन्मला. त्याने पदविका घेतली, मुंबईत ध्वनियंत्रांच्या एका दुकानात काही वर्षे काढली, तिथेच खोली करून राहिला आणि नव्वदच्या दशकात परत येऊन भिवंडीच्या बाजारपेठेत स्वतःचे दुकान उघडले. तो काळ अनुकूल होता. दापोडे, कशेळी भागातल्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहत होती, जमीनमालकांची नवी घरे होत होती, आणि त्या घरांच्या दिवाणखान्यांत मोठा दूरदर्शन संच व त्याभोवती पाच-सहा ध्वनिक्षेपक मांडण्याची हौस आली होती. त्याला सगळे होम थिएटर म्हणत.

दुकानाच्या पूजेला मंत्र मीच म्हटले. सर समोरच्या पदपथावर उभे होते. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. व्यापाराविषयी त्यांचे एक ठरलेले मत होते: वस्तू असते तशी आणि सांगितली जाते तशी, या दोहोंत जेवढे अंतर, तेवढाच व्यापार. आपला मुलगा त्या अंतरावर जगणार, हे त्यांना सहन होत नव्हते. घरात पिता-पुत्र एकाच वेळी पानावर बसत, पण बोलत ते वहिनींशी. "त्याला विचार, भात हवा का," असे सर म्हणत, आणि मिलिंद हातभर अंतरावर बसलेला असे.

मी त्यांना एकदा समजावू पाहिले. आमच्या शास्त्रात आप्ताचे वचन हेही प्रमाण मानले आहे, असे म्हणालो.

"आप्त कोण, ते कोणी ठरवायचं?"

"ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त."

"ठाऊक आहे की नाही ते मी प्रश्न विचारून काढीन," सर म्हणाले. "इच्छा कशानं मोजू?"



दुहेरी तारेचे प्रकरण याच सुमारास निघाले. ध्वनिक्षेपकाच्या पेटीत खर्जासाठी मोठा पडदा आणि उंच स्वरांसाठी छोटा पडदा असतो. यंत्रापासून पेटीपर्यंत सामान्यतः तारेची एकच जोडी जाते आणि ती दोहोंनाही पुरते. पण नव्या, महाग पेट्यांना मागे जोडण्या दोन असत, पितळी पट्टीने सांधलेल्या. ती पट्टी काढून खर्जाला वेगळी आणि उंच स्वरांना वेगळी अशा दोन जोड्या ओढल्या तर आवाज निवळतो, असे मुंबईचे दुकानदार सांगत. मिलिंदही ते सांगू लागला.

सरांनी हे ऐकले त्या दिवशी जेवताना वहिनींची मध्यस्थी संपली. एकाच यंत्रातून निघालेला तोच प्रवाह दोन वाटांनी गेल्याने सुधारतो कसा, असे त्यांनी थेट विचारले. मिलिंद म्हणाला, पेट्या बनवणारेच दोन जोडण्या देतात, ते काय वेडे आहेत?

"वेडे नाहीत. म्हणूनच देतात."

मिलिंदने हातातला घास ताटात ठेवला. तो म्हणाला, "अण्णा, तुम्हीच ऐका. तुम्ही म्हणालात फरक नाही, तर ती वायर दुकानातून काढतो, आणि ठाण्याला जागा बघितलीये तिथे राहायला जातो. रोज चोर म्हणून जेवायला बसणं मला जमत नाही. पण तुम्ही म्हणालात फरक आहे, तर एकदा माझ्या दुकानात येऊन बसायचं."

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. एरवी आमच्या घरी त्या पत्नीशीच बोलत. त्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "भावोजी, तुम्ही तिथे हजर राहा. तारेचं काय व्हायचं ते होवो. मला पंक्तीला दोघंही हवेत."

परीक्षेचे स्थान ठरले बाळाराम भोईरांचे घर. भोईर मूळचे दापोड्याचे. शेताच्या जागी गोदाम झाल्यावर त्यांनी आमच्या आळीत, यंत्रमागांच्या एका कारखान्याला लागून, दुमजली घर बांधले होते. मनुष्य मोकळा. त्यांच्याकडे मिलिंदने संच नुकताच बसवला होता, आणि दुहेरी तार ओढायची की नाही याचा निर्णय व्हायचा होता. सरांना पाहताच ते म्हणाले, "सर, आपल्याला ढोल आन् बेंजो सोडून काय कळत न्हाय. तुमी बोलाल तेच खरं."

नियम सरांचे होते. तीच ध्वनिमुद्रिका, तीच खुर्ची, तीच वेळ. आवाजाच्या खुंटीवर खडूची खूण. आणि दोन्ही ऐकण्यांच्या मध्ये एक रात्र, कारण पहिल्या आवाजाची सावली कानावर राहू नये. मिलिंद म्हणाला, मग गुरुवारी एकेरी ऐका, शुक्रवारी दुहेरी; शुक्रवारी बाजार बंद, मला दिवस मोकळा असतो. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

गुरुवारी दुपारी सर डोळे मिटून बसले. एका गायिकेचा ख्याल होता. संपल्यावर त्यांनी काहीच मत दिले नाही. शुक्रवारी त्याच वेळी पुन्हा बसलो. मिलिंद पेट्यांच्या मागून तारा जोडून बाजूला झाला. तंबोरे सुरू झाले आणि मुखड्याच्या अगोदर सरांनी एकदम डोळे उघडले. ते पेटीकडे पाहत राहिले. सगळा ख्याल संपेपर्यंत हलले नाहीत.

"ती श्वास घेते," ते अखेर म्हणाले. "समेवरून उठताना. काल तो नव्हता."

सर उठून उभे राहिले. "फरक आहे," ते म्हणाले, आणि मग मिलिंदकडे वळून, "मी चुकत होतो."

मी मिलिंदकडे पाहिले. त्याला आनंद झालेला दिसला नाही. हातातल्या पितळी पट्टीकडे तो गोंधळल्यासारखा पाहत होता. मला ते विलक्षण वाटले, आणि मी ते मनात ठेवले.

शनिवारी सर दुकानात गेले. वहिनींनी औक्षणाचे तबक नेले होते. सरांनी तेही मुकाट्याने करू दिले. ते गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसले आणि मिलिंदने चहा मागवला. त्या कपाकडे त्यांनी संशयाने पाहिले, पण प्यायले. ठाण्याच्या जागेचा विषय मागे पडला. घरी वहिनींना भाताचा निरोप पोचवावा लागेना.

पुढचे महिने दुहेरी तारेचे होते. ज्या माणसाने आयुष्यात कशालाच होकार दिला नाही, त्याने होकार दिला, ही बातमी कशेळीपासून अंबाडीपर्यंत गेली. लोक दुकानात येऊन काही विचारीतच नसत. "आगाशे सरांनी पास केलीये ना? मग द्या," एवढेच म्हणत. सरांना त्यात अवघडल्यासारखे होई, पण जे ऐकले ते ऐकले, असे ते सांगत.

मग वाईहून त्यांची थोरली बहीण, आक्का, प्रथमच भावाकडे राहायला आली. शुक्रवारी सकाळी आली, निवांत झोपली. शनिवारी उठल्याबरोबर तिने विचारले, "त्र्यंबक, हा आवाज कसला सुरू झालाय?"

सर म्हणाले, "कुठला आवाज?"

आक्काने त्यांना मनगट धरून खिडकीशी नेले. काल हा नव्हता, ती म्हणाली. काल इथे किती शांत होते. सरांनी बराच वेळ कान दिला आणि मग त्यांना माग ऐकू आले.

जे बाहेरगावचे आहेत त्यांना हे खरे वाटणार नाही. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो, आणि आम्हां रहिवाशांना तो ऐकूच येत नाही. आम्ही फक्त थोडे मोठ्याने बोलतो, पाहुण्यांना वाटते भांडतो आहोत. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, माग बंद असतात. तेही आम्हांला कळत नाही. त्या दिवशी का कोण जाणे बरे वाटते, एवढेच.

सर माझ्याकडे आले तेव्हा मी पूजेला बसलो होतो. त्यांनी पूजा संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, मी तार ऐकलीच नाही. मी शुक्रवार ऐकला."

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघे पुन्हा भोईरांकडे गेलो. मिलिंदला कळवले नाही. या वेळी सरांनी पेट्यांकडे पाठ केली, आणि भोईरांनी कधी पट्टी बसवून एकेरी, कधी पट्टी काढून दुहेरी तार जोडायची, पण कोणती ते सांगायचे नाही, असे ठरले. ख्याल पुनःपुन्हा लावला. सर प्रत्येक वेळी उत्तर देत आणि भोईर मान हलवत. कधी बरोबर येई, कधी चूक. नाणे उडवून सांगितले असते तरी चालले असते. श्वास मात्र प्रत्येक वेळी स्पष्ट होता. शेवटी भोईरच कंटाळून म्हणाले, "सर, ती बाय दोन्ही टायमाला श्वास घेतंय. जित्ती हाय ती."

सर हसले नाहीत. परतताना आळीच्या वळणावर थांबून त्यांनी विचारले, "दिवस कोणी ठरवले होते?"

त्यांना उत्तर ठाऊक होते, मलाही होते. आणि मी मनात ठेवलेली गोष्ट आता वेगळ्या रंगाने समोर आली. आम्ही इथेच जन्म काढलेले. मिलिंद मुंबईला राहून परतलेला. परतलेल्या माणसाला माग ऐकू येतात. बाजार बंद असतो हे सबळ कारण होते, पण इतके सबळ कारण एवढे सोयीचेही असावे, हे मला खटकू लागले. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलेला मी, त्या संध्याकाळी देवासमोर बसलो तरी त्या मुलाचा खाली गेलेला चेहराच तपासत होतो. यश मिळाल्यावर गोंधळतो कोण? ज्याला ते अपेक्षित नव्हते तो. किंवा ज्याला ते फार सहज मिळाले तो.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन दुकानात गेले. आत एक गिऱ्हाईक होते. ते जाईपर्यंत थांबावे, असे मी सुचवले. ते म्हणाले, चुकीचे प्रमाणपत्र मी चारचौघांत दिले, ते मागेही चारचौघांतच घेतले पाहिजे. त्यांनी सगळे सांगितले: आक्का, माग, शुक्रवार, पेट्यांकडे पाठ फिरवून दिलेली उत्तरे. आवाज एकसारखा होता, वर्गात धडा सांगावा तसा. मग ते थांबले. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. सगळे आयुष्य ज्या एका शब्दाने त्यांनी काढले, तो.

मिलिंदने प्रश्नाची वाट पाहिली नाही.

"मला कधीच फरक ऐकू आला नव्हता, अण्णा," तो म्हणाला. "मुंबईतही नाही. सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. त्या दिवशी तुम्ही नाहीच म्हणणार, असं धरून आलो होतो. तुम्ही आहे म्हणालात, तेव्हा मला वाटलं, माझेच कान कच्चे. तुम्ही सांगितलंत म्हणून मी विकत होतो."

गिऱ्हाईक एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. सर मुलाकडे पाहत राहिले. हे बोलणे खरे असेल तर पुत्राने पित्यावर ठेवलेला विश्वास याहून मोठा असू शकत नाही. आणि खोटे असेल तर याहून चतुर खोटे शोधून सापडणार नाही. दोहोंतला भेद दाखवणारी परीक्षा कोणत्याही शुक्रवारी घेता येण्यासारखी नव्हती.

सरांनी पायांतल्या चपला काढल्या, गल्ल्याच्या फळीखालून आत गेले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुम्ही एकेरीच घ्या. खोली केवढी आहे?"

त्यानंतर दुहेरी तारेचे रीळ मांडणीवरून उतरले. ज्यांनी आधी नेली होती त्यांना मिलिंदने स्वतः जाऊन सांगितले. हवी तर परत घेतो म्हणाला. बहुतेकांनी दिली नाही. आपली तार चांगली वाजते, सरच आता म्हातारपणी कमी ऐकतात, असे काहींचे मत पडले. भोईर म्हणाले, "भिंतीला भोक पडलंय, राहू द्या ती. पाव्हण्याला दाखवाया बरी."

पुढे माझ्या मुलीने मला नाशिकला राहायला बोलावले. भिवंडी सोडण्यापूर्वी मी सरांचा निरोप घ्यायला गेलो. ते दुकानाकडेच निघाले होते, तेव्हा बाजारापर्यंत बरोबर चाललो. जी गोष्ट इतकी वर्षे विचारली नव्हती, ती मी विचारली: मिलिंद त्या दिवशी खरे बोलला, असे त्यांना वाटते का?

ते चालतच राहिले.

"विचारलं तर तो सांगेल," ते म्हणाले. "आणि सांगितलं की मला ते तपासावंसं वाटेल. म्हणून विचारत नाही."

समोरून एक मालट्रक गेला. तो जाईपर्यंत त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, मग रस्ता ओलांडला. मी अलीकडेच उभा राहिलो. दुकानात कोणी दांपत्य आले होते आणि मिलिंद त्यांना एका पेटीवर हात ठेवून काहीतरी भरभरून सांगत होता. काय सांगत होता, ते मला रस्त्यापलीकडून ऐकू येणे शक्य नव्हते. सरांना ते ऐकू येत असणार. ते आत जाऊन त्याच्या मागेच, भिंतीकडे तोंड करून, तार मोजत उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.